बॉल पाण्यात गेला की सगळ्यांनी धावायचं

बेसबॉल मला कळतो म्हणून मी त्यात पडले, असा कुणाचा समज असेल तर तो इथेच दूर करते. मी पिठाची गिरण चालवते. थळला, बाजाराच्या रस्त्यावर, सायकलवाल्याच्या शेजारी. तांदूळ, गहू, नाचणी, भाजणी, आणि मसाल्याला वेगळी चक्की. बॅट नावाच्या वस्तूशी माझा संबंध आयुष्यात एकदाच आला होता. गिरणीत घूस शिरली होती तेव्हा. आणि तीही बॅट क्रिकेटची होती.

पण मुलगी नववीत गेली आणि शाळेतले खेळाचे सर एक दिवस दळणाचा डबा न घेता गिरणीत आले. डबा नसलेला माणूस गिरणीत आला की समजायचं, वर्गणी तरी आहे नाहीतर लग्नाची पत्रिका. सरांच्या हातात फॉर्म होता. शाळेने मुलींचा बेसबॉलचा संघ काढलाय आणि मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत एक बाई लागते, असा नियम आहे, असं ते म्हणाले. शाळेतल्या बाईंपैकी एक बाळंतपणाच्या रजेवर, दुसरीचं उन्हाने डोकं चढतं. मग सरांनी पालकांची यादी काढली. मी यादीत चौथी होते. पहिल्या तिघींना नाही म्हणायची अक्कल होती.

"पण बेसबॉलच का?" मी विचारलं.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गिरणीच्या आवाजात मोठ्याने गुपित सांगितलं. "कबड्डीला तालुक्यातून ढीगभर संघ येतात. खो-खोला तसंच. बेसबॉलला तालुक्यातून आपण एकटेच! म्हणजे न खेळता थेट जिल्ह्याला. तिथे दोन सामने काढले की विभागाला. पोरींना दहावीला वाढीव मार्क." सर स्वतः कबड्डीचे. दोन्ही घोटे गेलेले. बेसबॉल ते आठ दिवसांच्या शिबिरात आणि उरलेला मोबाइलवर शिकले होते. पण मला त्यांचा हिशेब आवडला. जिथे गर्दी नाही तिथे दुकान टाकायचं, हे मलाही कळतं. मी सही केली.

घरी सांगितलं तर मुलीने हातातली भाकरी खाली ठेवली.

"तू येणार? मैदानावर?"

"सही झाली."

"मग मैदानावर तू मला हाक नाही मारायची. नंबरने बोलवायचं. मी अकरा."

"आणि तू मला काय म्हणणार?"

"मॅडम."

चौदा वर्षं वाढवल्याचं हे बक्षीस. पण तिचं म्हणणं मला नंतर कळलं. संघात अकराच पोरी होत्या, खेळायला नऊ लागतात, आणि कोण आईच्या वशिल्याने नवात आहे हे बोलायला उरलेल्या दोघी टपलेल्याच होत्या. माझी मुलगी उंच, पायांनी लांब, धावायला जोरात. पण बॅट फिरवायची तेव्हा बॉल कॅचरच्या हातात जाऊन पोहोचलेला असायचा. सांगायला वाईट वाटतं, पण वशिल्याची शंका कुणालाही यावी अशीच तिची बॅटिंग होती.

आता मैदान. गावातलं मैदान बारा महिने क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात. तिथे मांडव, भोंगे, समालोचन करणारा एक इसम जो चेंडू पडायच्या आधीच ओरडतो, आणि बक्षीस म्हणून कधी फ्रिज तर कधी बोकड. नवव्या इयत्तेतल्या अकरा पोरी तिथे बॅट घेऊन गेल्या तर त्यांना कुणी हाकललं नाही, फक्त सगळे हसत बसले. त्यामुळे आम्ही समुद्रावर गेलो.

समुद्रावर खेळायचं म्हणजे पंचांग लागतं. आमच्याकडे पुनव-अवसेला भरती भर दुपारी लागते आणि ओहोटी दिवस मावळायला. तेव्हा संध्याकाळी पाणी मागे जातं आणि ओल्या, घट्ट रेतीचं मोठं पटांगण मोकळं होतं. अष्टमीला उलट. संध्याकाळी चारला मैदानच नसतं, समुद्र असतो. म्हणून गणपती गेल्यावर सुरू झालेला आमचा सराव पुनव-अवसेच्या मागेपुढे चार-चार दिवस, आणि मधल्या आठवड्यात सुट्टी. सरांनी शाळेच्या फळ्यावर वेळापत्रक लावलं त्यात वार नव्हते, तिथी होत्या. मुख्याध्यापकांना वाटलं कुणाचं व्रत चाललंय.

बेस आम्ही जमेल तसे केले. पहिला बेस म्हणजे जाळ्याचा थर्माकोलचा फ्लोट, दुसरा म्हणजे रेती भरलेली गोणी, तिसरा टायर, आणि होम म्हणजे मोडक्या होडीची एक फळी. रेघा मी मारायचे, गिरणीत खाली सांडलेल्या पिठाने. पहिल्या दिवशी तीन कुत्र्यांनी पहिल्या बेसपर्यंतची रेघ चाटून साफ केली, तेव्हापासून मी पिठात मिरचीचा कोंडा घालायला लागले. सराव असला की संध्याकाळी गिरणीवर नवरा बसायचा आणि नाचणीवर गहू दळून ठेवायचा. एका गिऱ्हाइकाने लालसर पोळ्या आणून मला दाखवल्या. मी म्हटलं, खा, लोह असतं त्यात.

शाळेने वर्षाला तीन बॉल दिले होते. तीन. कातड्याचे, शिवणीचे, आणि एकेक बॉल शाळेने असा हातात ठेवला की जणू दागिनाच. सामान माझ्या ताब्यात होतं आणि स्पर्धा संपल्या की सगळं मोजून परत करायचं होतं. मैदान आम्ही असं आखलेलं की फळी गावाकडे आणि समोर समुद्र, म्हणजे लांब मारलेला बॉल पाण्यात. पहिल्याच दिवशी आमच्या पिचरने, म्हणजे बॉल टाकणारीने, बॅटिंगला येऊन एक असा हाणला की बॉल लाटेत पडला, डुबुक्‌ वाजलं, आणि ओहोटी त्याला घेऊन निघाली. सगळ्या पोरी आपापल्या जागी उभ्या राहून बघत होत्या. रनर आनंदाने फळीकडे धावत होती. मी ओरडत सुटले आणि कसाबसा तो बॉल वाचवला.

त्या संध्याकाळी मी नियम केला. माझा स्वतःचा, सरांना न विचारता.

"बॉल पाण्यात गेला की खेळ थांबला. जी जिथे असेल तिने तिथून बॉलकडे धावायचं. फिल्डिंगवाली, बॅटिंगवाली, बेसवर असलेली, बसलेली, सगळ्यांनी. गुडघ्याच्या वर पाणी गेलं की थांबायचं, त्यापुढे बॉल समुद्राचा."

सर म्हणाले, "मॅडम, पण धाव..."

मी म्हटलं, "सर, बॉल तीन आहेत. धावा कितीही काढता येतात."

पिचरची आई शेजारीच बोंबील वाळत घालायच्या दांड्यांखाली बसलेली असायची. पिचर कोळीवाड्यातली, हाताने नुसती तोफ, आणि तिची आई तिच्याहून मोठी तोफ. माझा नियम ऐकून ती हसायला लागली.

"काय गो बाय, बॉल जेला त जाव दे. पोरींना कशाला धावरवतेस? दर्या काय ठेवून घेतंय? इकरं नाय त तिकरं टाकील."

"तिकरं म्हणजे कुठे? मुरुडला?"

"टाकील ना कुठंतरी."

मला कुठंतरी चालणार नव्हतं. गिरणीत मी शेवटचा मूठभर दाणा झाडूने काढून गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकते. सवय ती सवय. भिजलेले बॉल मी तिच्याच दांड्यांवर, बोंबलांच्या रांगेत, ओढणीच्या तुकड्यात बांधून वाळत घालायचे. त्यामुळे आमच्या तिन्ही बॉलना कायमचा एक वास लागला. ग्लोव्हजनाही. पुढे जिल्ह्याच्या सामन्यात अंपायरने आमचा सरावाचा बॉल हातात घेतला, नाकाशी नेला आणि लगेच परत दिला.

नियम पोरींच्या अंगात असा भिनला की काय सांगू. डुबुक्‌ आवाज झाला की अकराच्या अकरा सुटायच्या. आणि या एका बाबतीत माझी मुलगी सगळ्यांत पुढे. लांब पाय, लाटेची भीती नाही. पंधरा वेळा तरी तिनेच बॉल आणला असेल. धावत यायची, माझ्या हातात ओला बॉल ठेवायची आणि म्हणायची, "मॅडम, बॉल." मी म्हणायचे, "शाब्बास, अकरा." ती खूश. मी खूश. बॅटिंगला जी मान खाली जायची ती तिथे वर यायची.

आता वहीबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच अडलं होतं. सरांनी मला स्कोअर लिहायला शिकवलं. त्या वहीत प्रत्येक मुलीची एक ओळ. ओळीत चौकटी. प्रत्येक चौकटीत एक तिरका चौकोन, अगदी शंकरपाळीसारखा. मुलगी पहिल्या बेसला पोहोचली की शंकरपाळीची एक बाजू गडद करायची, दुसऱ्याला दुसरी बाजू, तिसऱ्याला तिसरी, आणि होमला आली की अख्खी शंकरपाळी काळी. ती एक धाव. सरांचा एकच दंडक होता. जी धाव डोळ्यांनी पाहिली तीच लिहायची, ऐकीव लिहायची नाही. सरावातही लिहायची, म्हणजे हाताला वळण लागेल.

महिनाभरात दहा जणींच्या ओळीत काळ्या शंकरपाळ्या दिसायला लागल्या. पिचरची ओळ तर भरून वाहत होती. अकरा नंबरची ओळ पांढरी. एकदोन चौकटींत एक बाजू गडद, कुठे दोन. पुरी एकही नाही.

रोज घरी गेल्यावर ती हातपाय धुवायची आणि माझ्या पिशवीतली वही काढून बघायची. मला दिसत नाही अशा बेताने. एकदा मी तिला रंगेहाथ पकडलं.

"काय बघतेस?"

"काही नाही." मग थोड्या वेळाने, "मला फक्त एक हवी. एक काळी झाली की बास. मग मी कितीही बाद झाले तरी चालेल."

मी तिला म्हटलं, त्यात काय, होईल की. शेजारच्या पोरीचं असतं तर मी पेन्सिल उचलून एक काळी करून टाकली असती आणि वर सरांशी भांडलेही असते. पोटच्या पोरीसाठी हात उचलेना. तिने माझ्याकडून मार्क नव्हते मागितले, हे मला पक्कं माहीत होतं.

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी अलिबागला जिल्ह्याचे सामने होते. आमच्या ट्रॅव्हलरमध्ये अकरा पोरी, सर, मी, तीन बॉल, सहा ग्लोव्हज, घावनांचा डबा आणि लसणाची चटणी. उद्घाटनाला पाहुणे आले त्यांनी नारळ फोडला, एका संघाच्या बॅटला हळदकुंकू लावलं आणि भाषणात मुलींना षटकार मारायचा सल्ला दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी मैदानाला मातीच्या चार गाड्या दिल्या होत्या.

ती माती सगळी पुढे पडली. मैदानाच्या मागच्या टोकाला, कुंपणाजवळ, परतीच्या पावसाचं एक मोठं डबकं तसंच राहिलं होतं. मी ते सकाळीच पाहिलं होतं. पाहून मनात एवढंच आलं की डास असतील.

पहिला सामना आम्ही मारला. समोरच्या पोरी आमच्याहून कच्च्या होत्या, आणि एवढ्या वाईट संघाशी गाठ पडली याबद्दल मी देवाचे आभार मानले. दुसरा सामना पनवेलकडच्या शाळेशी. त्यांच्या पोरींना पांढरे बूट, पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकीची वेगळी पाण्याची बाटली आणि मोबाइलवर सगळं टिपणारा एक पालक. आमच्या पोरींच्या बुटांतून अजून रेती गळत होती. आणि तरीही शेवटच्या डावापर्यंत दोन्ही बाजूंना सारख्या धावा. बॅटिंग आमची. एक धाव झाली की सामना आमचा, आणि आम्ही विभागाला.

दोघी बाद झाल्या, तिसरी झाली की डाव संपला. मग अकरा नंबर.

मी तिसऱ्या बेसजवळ उभी होते. तिथे उभं राहून रनरला धाव-थांब सांगायचं काम सरांनी मला दिलं होतं, कारण माझा आवाज गिरणीवर कमावलेला आहे. मुलगी बॅट घेऊन उभी राहिली. मी खुणेने सांगितलं, बॅट हलवू नकोस. बाकी काही येवो न येवो, न हलवणं तिला जमत होतं. समोरच्या पिचरने चार बॉल बाहेर टाकले आणि माझी लेक फुकट पहिल्या बेसवर गेली. पुढचा बॉल त्यांच्या कॅचरच्या हातातून सुटला, ही दुसऱ्यावर. पुढे आमच्या एकीने बारीकसा ढकलला, ती पहिल्यावर पोहोचली आणि ही तिसऱ्यावर. माझ्यापासून दोन हातांवर. धापा टाकत होती. तीन बाजू गडद झालेली शंकरपाळी माझ्या डोळ्यांपुढे नाचत होती. एकच बाजू राहिली होती. तिचे ते लांब पाय, आणि समोर नव्वद फूट सरळ रस्ता.

"मॅडम," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "होणार."

"गप. बॉलकडे बघ," मी म्हटलं. काय बोलावं आईने, आणि मी काय बोलले.

बॅटिंगला आमची पिचर आली. पहिलाच बॉल तिने असा हाणला की त्यांची फिल्डर नुसती मान वर करून बघत राहिली. बॉल तिच्या डोक्यावरून गेला, कुंपणाकडे गेला, आणि त्या डबक्यात पडला.

डुबुक्‌.

माझी लेक सुटली. होमकडे नाही. बॉलकडे.

वाऱ्यासारखी धावली. तिच्यामागून पहिल्या बेसवरची. बॅट टाकून पिचर. आमच्या बाकावरून बसलेल्या पोरी उठल्या, एकीच्या हातात अर्धं घावन होतं, त्याही पळाल्या. अकरा पोरी आणि एक बॉल. पनवेलची ती पांढऱ्या बुटांतली फिल्डर बॉल घ्यायला डबक्याशी पोहोचली होती. अंगावर चालून येणारी झुंड पाहून ती बिचारी बाजूला झाली. आणि खोटं कशाला बोलू, मीही चार पावलं धावले. चौथ्या पावलाला मला कळलं की हे काय होतंय. तोवर सरांनी दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले होते.

मुलगी डबक्यात गुडघ्यापर्यंत उतरली, बॉल काढला, सगळ्यांच्या पुढे धावत माझ्याकडे आली आणि चिखलाचा बॉल माझ्या हातात ठेवला.

"मॅडम, बॉल."

हसत होती. मग माझं तोंड तिने पाहिलं. मग तिने मागे वळून तिसरा बेस पाहिला, मग होम. तिथे कुणी नव्हतं. हसू कसं जातं ते मी फार जवळून पाहिलं. अंपायर धावत आला, त्याने हात वर केला, बाद. बेस सोडून गेली म्हणून बाद, की समोरच्यांचा बॉल उचलला म्हणून, की दोन्ही, हे त्यालाही धड सांगता येईना. असं काही त्याने कधी बघितलंच नव्हतं. मोबाइलवाला पालक हसून हसून खाली बसला होता.

जादा डावात त्यांनी दोन धावा काढल्या. आम्ही एकही नाही.

परतताना ट्रॅव्हलरमध्ये कुणी तिला दोष दिला नाही, कारण सगळ्याच धावल्या होत्या. ती खिडकीशी बसली होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी, नियम माझा होता. पिचर म्हणाली, "नाय मॅडम, नियम बरोबर हाय. मैदान चुकीचं होतं." सर हसले, मग सगळ्या हसल्या. माझी लेक नाही हसली. घरी गेल्यावर तिने वही काढली नाही. मला वाटलं होतं ती माझ्यावर ओरडेल, मी तयारीतच होते. ती म्हणाली, "सामान कधी परत करायचंय?" आणि झोपून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी दोन दिवस गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसत होते आणि मला माझाच राग येत होता.

सामान परत करायचं होतं कोजागिरीनंतर. कोजागिरीला पुनव, म्हणजे संध्याकाळी ओहोटी. पोरी म्हणाल्या, एकदा शेवटचं खेळू. मी वही आणि पेन्सिल घेतली, फ्लोट, गोणी, टायर, फळी लावली, रेघा मारल्या. मग सगळ्यांना गोळा केलं.

"नियम रद्द. आज बॉल पाण्यात गेला तरी कुणीही हलायचं नाही. जिला धावायचंय तिने बेसवरून धावायचं. बॉल मी आणीन."

"तू?" पिचरची आई दांड्यांखालून ओरडली. "तुना पोवता येतं का गो?"

"गुडघाभर पाण्यात पोहावं लागत नाही," मी म्हटलं.

अर्धा तास एकही बॉल पाण्यात गेला नाही. मग माझी लेक बॅटिंगला आली. दोन बॉल तिने नेहमीसारखे उशिरा हुकवले. तिसऱ्याला काय झालं तिला विचारा, मला माहीत नाही. बॅट वेळेवर आली. असा काही आवाज झाला की बोंबलांवरचे कावळे उठले. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडे लाटेत पडला. डुबुक्‌. पोरींचे पाय हलले, पण त्या थांबल्या. एकीने तर दुसरीचा हात धरून ठेवला.

मी पाण्यात शिरले. बोलून बसले होते. बॉल वर-खाली होत समोर चालला होता. नजर काढली की गेला, हे मला महिनाभरात पाठ झालं होतं. गुडघे झाले, मांड्या झाल्या. मागे पोरींचा कालवा चालला होता, "धाव, धाव, धाव." मी बॉलवरची नजर काढली नाही. कंबरेला पाणी लागलं तेव्हा तो हातात आला.

वळले तर मुलगी फळीवर उभी होती. सगळ्या पोरी तिच्याभोवती. ती गर्दीतून बाहेर आली आणि पाण्याच्या कडेपर्यंत धावत आली. तोंडभर हसत होती.

"बघितलंस?"

मला खोटं बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "मी बॉल शोधत होते."

ती माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "मिळाला ना?"

"मिळाला."

"मग ठीक आहे. तीनच आहेत." आणि ती परत जायला वळली.

तिच्या आवाजात रागही नव्हता. तेच मला सोसलं नाही. बॉल मिळाला म्हणजे ठीक आहे, हे तिला मी शिकवलं होतं, पुनवेपासून अवसेपर्यंत आणि अवसेपासून पुनवेपर्यंत, आणि ती ते बिनतक्रार शिकली होती. कंबरभर पाण्यात उभी राहून मला रडू आलं.

"अकरा!" मी हाक मारली. ती थांबली.

"मी न बघितलेली धाव लिहीत नाही," मी म्हटलं, आणि हातातला बॉल होता नव्हता तेवढा जोर लावून समुद्रात फेकला. माझा थ्रो काय असणार, पंधरा पावलांवर पडला. पण ओहोटीला तेवढा पुरला.

"मॅडम!" पिचर किंचाळली. "तीनच हायेत ना!"

"दोन आहेत," मी म्हटलं. "कुणी हलायचं नाही. आणि तू, परत धाव."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उलट्या पावलांनी चार पावलं गेली, वळली, फळीवर जाऊन उभी राहिली आणि निघाली. फ्लोटला पाय लावला, गोणीला पाय लावला. मी पाण्यातच उभी होते, तोंड किनाऱ्याकडे करून. बॉल माझ्या पाठीमागे कुठेतरी चालला होता. टायरपाशी ती अडखळली. सवयीने तिची नजर पाण्याकडे वळली होती, बॉल शोधत.

"तिकडे नाही गं, बाळा," मी ओरडले. "इकडे बघ, इकडे!"

तिने माझ्याकडे पाहिलं. आणि पाहत पाहतच फळीकडे धावली.